घरच्या शाळेतली चित्रकला

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या धाकट्या बहिणीने माझ्यापुढे कागदांचा एक गठ्ठा आणून ठेवला आणि ती म्हणाली, "दादा, तुला निविदा पारखायची सवय आहे. यातला एक निवडून दे." पाहतो तो चित्रकलेचे अभ्यासक्रम! बहीण बंगळूरला इंदिरानगरात राहते. नोकरीच्या निमित्ताने मीही त्याच वस्तीत, तिच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो. तिने आपली दोन्ही मुले शाळेतून काढून घरी शिकवावयास घेतली, आणि थोड्याच दिवसांत शेजारच्या धारवाडकडील कुटुंबाने आपलीही दोन मुले तिच्या हवाली केली. शेजारचा मुलगा तेरा वर्षांचा, माझी भाची अकराची, भाचा आठाचा आणि शेजारची चिमुरडी पाचाची. मुलांना शाळेऐवजी घरी शिकवावे की नाही, हा वाद निराळा आहे. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा शाळा गृहीत धरूनच लिहिलेला आहे, आणि मजसारख्या सरकारी नोकराने या वादात बहिणीची बाजू घ्यावी की सरकारची, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही. आजचा प्रश्न त्याहून लहान आहे. गणिताला आणि भाषेला पुस्तके मिळाली होती. गाडे अडले होते ते चित्रकलेपाशी.

कचेरीतल्या शिरस्त्याप्रमाणे मी एक तुलनात्मक तक्ता आखला. पहिला अभ्यासक्रम परदेशी होता. त्यात प्रत्येक इयत्तेचे वेगळे पुस्तक; म्हणजे चार मुलांना चार पुस्तके, चार प्रकारचे साहित्य आणि शिकवणारी आई मात्र एकच. दुसरा पडद्यावर पाहून करावयाचा होता. त्यात एक हसतमुख बाई पोपट काढून दाखवीत आणि पाऊण तासात घरोघरी तोच पोपट तयार होई. तिसरा परीक्षेचा. महाराष्ट्रात जशा एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, तशा कर्नाटकात लोअर आणि हायर या चित्रकलेच्या परीक्षा आहेत. त्यांच्या तयारीची पुस्तके बाजारात मिळतात. चौथ्यात पुस्तक नव्हतेच. मुलांपुढे रंग ठेवा आणि आपण बाजूला व्हा, एवढाच त्याचा उपदेश. दर, कालावधी, साहित्य, शिकवणाऱ्याचे श्रम, असे रकाने भरून मी चौथ्यावर खूण केली. सर्वांत कमी दराची निविदा तीच होती!

माझी चूक कळावयास फार दिवस लागले नाहीत. गणिताची वही मिटता येते. आठ वर्षांच्या मुलाचा गुणाकार चुकला तर तो अकरा वर्षांच्या बहिणीस दिसत नाही, आणि दिसला तरी तिला त्याचे काही वाटत नाही. कारण तिचा गुणाकार निराळा असतो. चित्र मात्र सर्वांच्या डोळ्यांदेखत वाढत असते. चार मुले एका मेजाभोवती बसली की प्रत्येक रेघ इतर तिघांच्या रेघांशेजारी उभी राहते. पहिल्या शनिवारी बहिणीने एक नारळ आणि तांब्या मांडून दिला. आठ वर्षांच्या भाच्याने जे काढले ते खरोखर डौलदार होते. मी चहाचा पेला हातात घेऊन मागे उभा होतो, सहज बोलून गेलो, "वा! ताईपेक्षाही झकास जमलंय की रे!" भाचीने काही न बोलता आपला कागद उलटा केला. ती त्यानंतर दसऱ्यापर्यंत काही काढावयास बसली नाही. शनिवार आला की तिचे डोके दुखे.

मी हे एवढ्यासाठी सांगतो की, अभ्यासक्रमाच्या माझ्या तक्त्यात या गोष्टीला रकानाच नव्हता. अनेक वयांची मुले एकत्र शिकतात तेव्हा अभ्यासक्रम काय शिकवतो याच्या आधी, तो मुलांना एकमेकांच्या शेजारी कसा बसवतो, हे पाहावे लागते.

मग मी थोडे वाचन केले. व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी चित्रवर्ग काढला. बालकाचे चित्र म्हणजे प्रौढाच्या चित्राची कच्ची नक्कल नव्हे, त्याला त्याचे स्वतःचे नियम आहेत, हे त्यांनी जगाला पटवले. पुढे अमेरिकेत गेलेले व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात मुलांच्या रेखाटनाच्या वयानुसार पायऱ्या मांडल्या. आधी नुसते गिरगटणे. मग डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस. मग आकाश वर आणि जमीन खाली अशी ठरीव मांडणी. आणि नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास एक अवघड वळण. मुलाला तेथे प्रथमच कळते की, आपण काढलेली वस्तू दिसणाऱ्या वस्तूसारखी नाही. कित्येकांचा हात याच वळणावर थांबतो, आणि पुढे जन्मभर ते "मला चित्र येत नाही" असे सांगत राहतात. माझी भाची नेमकी त्या वळणावर उभी होती. आठ वर्षांचा भाचा अजून अलीकडे होता. त्याला नारळ जसा हवा तसा काढता येत होता, कारण तो खऱ्या नारळाशी ताडून पाहत नव्हता. ती ताडून पाहत होती. तिची रेघ अडखळत होती ती तिची नजर पुढे गेली होती म्हणून, आणि मी दोघांना एकाच काट्यावर तोलले होते.

तेव्हा "रंग ठेवा आणि बाजूला व्हा" हा उपदेश पाच वर्षांच्या मुलीला उत्तम. अकरा वर्षांच्या मुलीला मात्र तो वाऱ्यावर सोडतो. तिला कोणीतरी सांगावयास हवे असते की, तांब्याचे तोंड गोल असले तरी डोळ्याला ते लांबट का दिसते. येथे मला आपल्या जुन्या परीक्षांची आठवण झाली. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेच्या वाटेने इंग्रजी रेखाटनाची शिस्त आपल्या शाळांत उतरली. ती कारागिराचा हात घडवण्यासाठी होती. मुलाच्या मनाचा विचार तिच्यात फारसा नव्हता. एलिमेंटरीला मीही बसलो होतो, आणि संकल्पचित्रातील ती एकसारखी पाने-फुले आठवली की अजून मान दुखते. पण त्या परीक्षेत 'स्मरणचित्र' म्हणून एक विषय आहे. समोर वस्तू नाही. बाजार, पाणवठा, बसथांबा असे काहीतरी आठवून काढावयाचे. आमच्या मास्तरांनी त्यासाठी आम्हाला प्रथम बाजारात नेऊन उभे केले होते, वहीशिवाय. पाहणे हा निराळा अभ्यास आहे हे मला तेथे कळले. तेवढा एक विषय मी त्या अभ्यासक्रमातून आनंदाने उचलला.

याच्याशी जुळणारी एक गोष्ट विलायतेत सापडली. शार्लट मेसन या शिक्षिकेच्या विचारांवर तेथे १८८७ साली पालकांचा एक संघ निघाला. घरी शिकणाऱ्या मुलांना तो एका सत्रात एकाच चित्रकाराची सुमारे सहा चित्रे पुरवी. घरातील सर्व वयांच्या मुलांनी तेच चित्र निरखावयाचे, मग ते झाकून आठवेल ते सांगावयाचे. चित्र एक, मात्र थोरल्याला त्यात छाया-प्रकाश दिसे, तर धाकट्याला कोपऱ्यातले कुत्रे.

पण इतक्या लांब जावयाचे कारण नव्हते. सेवाग्रामला नई तालीमच्या शाळेत शांतिनिकेतनचे देवी प्रसाद १९४४ पासून मुलांना चित्रकला शिकवीत होते; कला हा शिक्षणाचा पायाच मानावा, असे सांगणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९९८ मध्ये निघाले. आणि त्याहून जुनी शाळा म्हणजे आपल्या सिंधुदुर्गातील पिंगुळी. तेथील ठाकर कुटुंबांत चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांची कला बापाकडून मुलांकडे घरातच आली. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुष्कळांना ते गाव प्रथम कळले. एका कथेची चित्रे, एकच बाहुली, आणि तिच्याभोवती सारे घर; अशा घरात इयत्ता कोठून येणार?

मी तक्ता फाडला आणि बहिणीला निराळीच शिफारस केली. चारही पुस्तके परत कर. वर्षभरासाठी विषयांची एक यादी कर. प्रत्येक शनिवारी विषय चौघांना एकच, काम मात्र चौघांचे चार तऱ्हांचे. पहिला विषय आम्ही रस्त्यावरचा शिरीष घेतला. इंदिरानगरात त्याची अवाढव्य झाडे अजून पुष्कळ आहेत. पाच वर्षांच्या मुलीने खोडावर कागद धरून खडूने सालीचा ठसा घेतला. भाच्याने झाडावर कोणकोण राहते ते काढले. त्यात वीजमंडळाचा लाइनमनही होता. तेरा वर्षांच्या मुलाने ६ बी पेन्सिलीने एकाच फांदीचा अभ्यास केला. भाचीला बहिणीने घरी आल्यावर, खिडकीकडे पाठ करून, ते झाड आठवून काढावयास सांगितले. म्हणजे कोणाचे चित्र कोणाशेजारी ठेवून मोजण्याची सोयच उरली नाही. चित्रे भिंतीवर लावणे बंद झाले. प्रत्येकाची एक पुठ्ठ्याची फाईल आहे, आणि चित्र ताडावयाचे ते त्याच फाईलमधल्या मागच्या चित्राशी. फाईलची सूचना माझी. सरकारी माणसाचा तेवढा उपयोग!

साहित्य थोडके ठेवले: साधा स्वस्त कागद भरपूर, कोळसा, गेरू, चुना, पोस्टर रंगांच्या पाच बाटल्या आणि माती. महाग कागदावर मूल भिऊन काढते, हे मी पाहिले आहे. महिन्यातून एकदा बाहेर जावयाचे. राजवाड्याकडच्या रस्त्यावर माणिक्यवेलू वाड्यात २००९ पासून आधुनिक कलेचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. चित्रकला परिषदेत रोरिक यांची चित्रे आहेत, कर्नाटकातल्या चामड्याच्या बाहुल्याही आहेत. त्या बाहुल्या खेळवणाऱ्या किळ्ळेक्यात लोकांची घरची बोली मराठीच्या जवळची आहे, हे ऐकून मुलांना त्या एकदम नात्यातल्या वाटू लागल्या.

या योजनेत एक उणीव आहे. तेरा वर्षांच्या मुलाला पुढे मुक्त विद्यालयाच्या दहावीच्या परीक्षेस बसावयाचे आहे, आणि तेथे चित्रकला हा विषय घ्यावयाचा तर कलेचा इतिहास आणि ठराविक तंत्र तयार करावेच लागेल. सामाईक शनिवार त्याला पुरत नाही. त्याच्यासाठी आठवड्यात दोन सकाळी वेगळ्या काढाव्या लागल्या, आणि त्या आईच्या विश्रांतीतून गेल्या. बहिणीचे आणि माझे यावर अजून एकमत नाही. ती म्हणते, त्याने परीक्षा द्यावी. मी म्हणतो, एक वर्ष थांबावे. निर्णय अर्थात तिचा आणि त्याच्या आईवडिलांचा.

दसऱ्यानंतर आम्ही हलसूरच्या सोमेश्वर मंदिरात गेलो. तेथल्या कोरीव कामात कैलास हलवणारा रावण आहे. भाचा त्याची सारी डोकी कागदावर बसवण्याच्या खटपटीत होता, धाकटी रावणाऐवजी देवळातले मांजर काढीत होती. भाची आमच्यापासून दूर, एका खांबाच्या आडोशाला जाऊन बसली होती. मी तिकडे गेलो नाही. तेवढे शहाणपण मला आले होते. निघताना भावाने तिचा कागद पाहिला. त्यावर रावणाच्या अनेक हातांपैकी फक्त एक हात होता, पंजासकट.

"बाकीचे कुठे गेले?" त्याने विचारले.

"मला एकच नीट पाहायचा होता," ती म्हणाली, आणि तो कागद तिने उलटा न करता फाईलमध्ये ठेवला.

येत्या शनिवारचा विषय छत्री आहे. आपली छत्री वाऱ्याने उलटी झालेली असणार, हे धाकटीने आताच बजावून ठेवले आहे.