बीपी नॉर्मल आलं, तरी गोळी चालूच
"आता बीपी नॉर्मल आलंय, गोळी बंद केली तर चालेल ना?" हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. अहो, ते नॉर्मल आलंय गोळीमुळेच! मनाने सोडली, की बीपी पुन्हा चढतं आणि बहुतेकदा कळतही नाही. ॲटेनोलॉलसारखी गोळी एकदम थांबवली, तर छातीत दुखू शकतं.

सकाळची गोळी दुपारी आठवली, तर तेव्हा घ्या. थेट दुसऱ्या दिवशी आठवली, तर नेहमीची एकच. दोन नकोत.

मला जास्त काळजी वाटते ती गुडघेदुखीवर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांची. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी बीपी वाढू शकतं, मूत्रपिंडालाही त्रास होतो. बीपीसाठी टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी 'लो सोडियम' मीठसुद्धा डॉक्टरांना विचारूनच वापरावं. त्यात बहुधा पोटॅशियम असतं आणि ते रक्तात धोकादायक वाढू शकतं.

ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींचे घोटे सुजतात. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतू लागला, तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. आणि चक्कर येऊ नये म्हणून पहाटे उठल्यावर आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसा, मग उभे राहा.