मुलाखतीचा उंबरठा

(श्रींच्या वार्षिकोत्सवात, महाजन कुटुंबांतील विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी झालेले भाषण)



श्रींच्या गाभाऱ्यासमोर प्रसाद लावण्यासाठी येणाऱ्या भाविकांचे प्रश्न पिढ्यान्पिढ्या तेच आहेत. लग्न जुळेल का, दुखणे हटेल का, घराची पायाभरणी कोणत्या बाजूने करावी, असे ते प्रश्न असतात. गेल्या काही दशकांत त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. मुलाला नोकरीच्या मुलाखतीसाठी बोलावणे आले आहे. यश येईल का? पाकळी उजवीकडून पडली की आईचा चेहरा उजळतो आणि वडील खिशातील बोलावण्याचे पत्र पुन्हा एकदा उघडून पाहतात. या श्रद्धेला कोणी हसू नये, कारण तिने मनाला धीर येतो आणि धीर ही मुलाखतीतील पहिली गरज होय. मात्र दुसऱ्या दिवशी त्या बंद दाराआड जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरे पाकळी देत नाही. ती मुलालाच द्यावी लागतात.

'मुलाखत' हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ केवळ 'भेट' असा आहे. दोन सरदारांची मुलाखत झाली, असे आपल्या जुन्या कागदपत्रांतून लिहीत. परीक्षेत एक विचारतो व दुसरा तपासला जातो. भेटीत दोघेही एकमेकांना पाहतात. हा मूळ अर्थ उमेदवाराने ध्यानी ठेवला, तर अर्धे भय तेथेच ओसरते.

योग्य माणूस पारखून घेण्याची ही पद्धत आपल्याकडे फार जुनी नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात सनदी नोकरीत शिरकाव होई तो संचालकांनी नाव सुचविल्यामुळे. म्हणजे वशिला हाच त्या वेळी कायदा होता. १८५३ च्या सनदी कायद्याने ती प्रथा मोडली, १८५४ साली मेकॉलेच्या समितीने स्पर्धा परीक्षेचा आराखडा दिला आणि १८५५ पासून लंडनमध्ये परीक्षा सुरू झाली. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर हे त्या परीक्षेत यशस्वी होणारे पहिले भारतीय ठरले. भारतभूमीवर ही परीक्षा देण्याची सोय व्हावयास १९२२ साल उजाडले. १ ऑक्टोबर १९२६ रोजी पहिला लोकसेवा आयोग स्थापन झाला आणि २६ जानेवारी १९५० पासून तो संघ लोकसेवा आयोग म्हणून राज्यघटनेच्या छत्राखाली आला. गोव्याला स्वतःचा लोकसेवा आयोग मिळाला तो १९८७ साली घटकराज्याचा दर्जा लाभल्यानंतर.

केवळ विद्वत्तेने हा उंबरठा ओलांडता येतोच, असेही नाही. अरविंद घोष १८९० साली सनदी सेवेच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. परंतु घोडेस्वारीच्या चाचणीस हजर न राहिल्याने त्यांना सेवेत घेतले गेले नाही. १८९३ साली ते सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात रुजू झाले आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. एक दार बंद झाल्याने मनुष्याची किंमत ठरत नाही, हे त्यांच्या चरित्रावरून विद्यार्थ्यांनी जाणावे.

थोरामोठ्यांची उदाहरणे मात्र दूरची वाटतात. म्हणून आपल्याच अंत्रुज महालातील एका खेड्यात वाढलेल्या तरुणाची हकीकत येथे सांगणे उचित होईल. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अशी कुटुंबे त्या काळी घरोघर होती.

या तरुणाने पणजीच्या लिसेंवात शिक्षण घेतले. तेथे लेखी परीक्षेनंतर 'ओराल' असे, म्हणजे परीक्षकांसमोर उभे राहून तोंडी उत्तरे द्यावी लागत. त्यामुळे प्रश्नांना सामोरे जाण्याची सवय त्याला होती. परंतु ती पोर्तुगीज भाषेत. इंग्रजी तेथे विषय म्हणून शिकवीत, बोलण्याची भाषा म्हणून नव्हे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, सर्वांच्या घरी आनंद झाला आणि त्याचबरोबर कचेरीची भाषा पाहता पाहता बदलली. ज्या पोर्तुगीजच्या बळावर नोकरी मिळायची, तिचे मोल उतरले. हा तरुण एका व्यापाऱ्याच्या पेढीवर जमाखर्च लिहू लागला. वडील अंथरुणाला खिळलेले, बहिणीचे लग्न व्हावयाचे आणि कुळकायदा आल्यावर खंडाचे उत्पन्नही घटलेले. अशा स्थितीत १९६६ साली एका सरकारी खात्यातील कारकुनाच्या जागेसाठी त्याने अर्ज केला. लेखी परीक्षा पार पडली आणि मुलाखतीचे पत्र आले. हाताशी पाच आठवडे होते.

गावात कारवारकडून आलेले एक मास्तर होते. तरुण रोज सायंकाळी दिवेलागणीनंतर त्यांच्याकडे जाऊ लागला. प्रथम त्याने संभाव्य प्रश्नांची इंग्रजी उत्तरे वहीत लिहून पाठ केली. मास्तरांनी वही पाहिली आणि मिटून बाजूला ठेवली. "पाठ केलेले उत्तर म्हणजे उसनी छत्री," ते म्हणाले, "धनी भेटला की परत द्यावी लागते. तू पेढीवर काय करतोस, तेवढेच मला सांग." पेढीवर काय करतो हे त्याला मराठीत सांगता येई, पोर्तुगीजमध्ये सांगता येई, इंग्रजीत मात्र दुसऱ्या वाक्यालाच जीभ अडे. मास्तरांनी त्याला रोज एकच काम दिले: दिवसभरात केलेल्या एका गोष्टीचे दहा साध्या वाक्यांत वर्णन करावयाचे, आणि वृत्तपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचून तिचा आशय स्वतःच्या शब्दांत सांगावयाचा. पहाटे तो देवळाच्या अग्रशाळेच्या पायरीवर बसून मोठ्याने वाची. झाडलोट करणारी बाई केरसुणी थांबवून ऐकत उभी राही.

याच सुमारास मामा घरी आले. त्यांनी एका वजनदार गृहस्थाकडून शिफारसपत्र मिळविले होते. तरुण म्हणाला, "मामा, पत्र नको. होईल ते माझ्या बळावर होऊ दे." मामा रागावले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "बाबा, सगळेच आणतात. तू एकटा आणला नाहीस, तर याच्या पाठीशी कोणी नाही, एवढाच त्याचा अर्थ होईल. तुझ्या तत्त्वाने बहिणीचे लग्न होणार आहे का?" आई दाराआड उभी होती, ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा अर्थ तरुणाला कळला. त्याने पत्र घेतले.

मुलाखतीच्या दिवशी पहाटेच्या कार्रेरने तो पणजीस पोचला. बाहेर बाकावर सात-आठ उमेदवार होते. शेजारी बसलेला मुलगा नदीपलीकडच्या गावचा. त्याचे वडील हयात नव्हते. त्याने आपली प्रमाणपत्रे रुमालात गुंडाळून आणली होती आणि ती एक एक करून दाखविली. त्याचे गुण या तरुणाहून थोडे अधिकच होते.

आत तिघे अधिकारी होते. लिसेंव सोडल्यावर पाच वर्षे काय केले, असा पहिलाच प्रश्न आला. घसा कोरडा पडला. पण मास्तरांकडे सांगितलेलीच ही गोष्ट होती, म्हणून दोन अडखळणांनंतर वाक्ये सुरळीत येऊ लागली. मग एकाने जमिनीसंबंधीचा एक जुना पोर्तुगीज कागद पुढे सारला आणि त्यातील आशय इंग्रजीत सांगावयास सांगितले. तरुण सावकाश सांगत गेला. 'फोर' या शब्दापाशी तो थांबला. क्षणभर काहीतरी ठोकून देण्याचा मोह झाला. नंतर तो म्हणाला, "याला इंग्रजीत काय म्हणतात, ते मला ठाऊक नाही, साहेब. वस्तू मात्र ठाऊक आहे." आणि कोमुनिदादीची जमीन धारण करणारा माणूस दरसाल जी ठरीव रक्कम भरतो ती फोर होय, असे त्याने समजावून सांगितले. अध्यक्षांनी काहीतरी टिपून घेतले. दहा-बारा मिनिटांत सारे आटोपले. शिफारसपत्र खिशातच राहिले होते; बाहेर आल्यावर पाहिले, तर घामाने त्याची शाई फुटली होती.

महिन्याभराने नेमणुकीचा हुकूम आला. आईने श्रींपुढे नारळ ठेवला. पुढे यथावकाश बहिणीचे लग्नही झाले.

येथेच गोष्ट संपली असती, तर ती पाठ्यपुस्तकातील धडा झाली असती. परंतु काही वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत मामा अभिमानाने बोलून गेले की पत्रावर विसंबून न राहता त्यांनी मुलाखतीच्या आदल्या दिवशी परस्पर 'शब्द' पोचविला होता. तरुण काहीच बोलला नाही. त्याने पुढे तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली आणि त्याच्या कामात कोणी दोष काढला नाही. पण ती खुर्ची आपल्याला 'फोर' शब्दाच्या उत्तराने मिळाली की मामांच्या शब्दाने, हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही. आणि रुमालात प्रमाणपत्रे बांधून आलेल्या मुलाची जागा आपण घेतली की काय, हेही कळले नाही. तो मुलगा त्याला पुन्हा कधी भेटला नाही.

वशिल्याची हानी सांगताना आपण नेहमी हरलेल्याचा विचार करतो. तो अन्याय तर आहेच. परंतु वशिला जिंकलेल्याचेही काही हिरावून नेतो: आपले यश आपले होते, हे जाणण्याचा त्याचा हक्क. मामांचे प्रेम खोटे नव्हते, त्यांचा युक्तिवादही त्या काळाच्या व्यवहारास धरून होता. तरी भाच्याला त्यांनी जे दिले, त्याहून मोलाचे काहीतरी नकळत काढून घेतले.

मुलाखतीतील ही पोकळ जागा न्यायालयांच्याही ध्यानी आली आहे. १९८० साली श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने, तोंडी परीक्षेला एकूण गुणांपैकी शेकडा १५ हून अधिक गुण ठेवणे अन्यायाचे ठरेल, असे म्हटले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, असेही सुचविले. १९८५ साली हरियाणातील सेवाभरतीच्या प्रकरणात ही मर्यादा सर्वसाधारण उमेदवारांसाठी शेकडा १२.२ पर्यंत खाली आणली गेली. संघ लोकसेवा आयोगाच्या सनदी सेवा परीक्षेत लेखी परीक्षेचे १७५० व मुलाखतीचे २७५ गुण आहेत. १ जानेवारी २०१६ पासून तर केंद्र सरकारच्या कनिष्ठ श्रेणीच्या जागांसाठी मुलाखतच बंद करण्यात आली. म्हणजे शब्द टाकणाऱ्यांना मिळणारी फट वर्षानुवर्षे अरुंद होत आली आहे. पालकांनी हे जाणून घ्यावे आणि ओळखीच्या शोधात खर्ची पडणारे दिवस मुलाच्या तयारीसाठी लावावेत.

ही तयारी म्हणजे तरी काय? उमेदवाराने अर्जात जे लिहिले आहे, त्यातील प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो, हे समजून चालावे. वाचनाची आवड लिहिली असेल, तर नुकतेच वाचलेले पुस्तक सांगता आले पाहिजे. आपले गाव, तेथील पिके, नदी, देवस्थान यांविषयी परका मनुष्य विचारील, तेव्हा मान खाली घालावी लागू नये. मूळ प्रमाणपत्रे व त्यांच्या प्रती आदल्या रात्री क्रमाने लावून ठेवाव्यात. प्रश्न पुरता ऐकून मगच तोंड उघडावे. आणि जे ठाऊक नाही, ते 'ठाऊक नाही' असे सरळ सांगावे. समोर बसलेल्यांनी आयुष्यभर बनवाबनवी ऐकलेली असते.

या तरुणाच्या सेवेच्या अखेरच्या वर्षांत नातलग त्याच्याकडेही शब्द टाकण्यासाठी येऊ लागले. त्याने कोणासाठीही शब्द टाकला नाही. काहींनी त्याच्या घरी येणे सोडले. पण तो प्रत्येकाला एकच सांगे: "मुलाला सायंकाळी माझ्याकडे पाठवा." आलेल्या मुलाला तो समोरच्या खुर्चीवर बसवी आणि मास्तरांनी विचारला होता तोच प्रश्न विचारी: दिवसभरात काय केलेस, ते सांग.

आपल्या महाजन कुटुंबांत आज निवृत्त शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, बँकांतील अधिकारी आहेत. त्यांपैकी तिघांनी महिन्यातून एक रविवार अग्रशाळेत बसावे आणि ज्याला मुलाखतीचे बोलावणे आले असेल अशा कोणत्याही मुलाला वा मुलीला, मग ती महाजनांची असोत वा सेवेकऱ्यांची, तासभर प्रश्न विचारावेत. त्यासाठी निधी लागत नाही; लागतात त्या तीन खुर्च्या, आणि त्या अग्रशाळेत आहेत.

देवस्थानाच्या आश्रयाने अनेक गोष्टी पिढ्यान्पिढ्या टिकल्या. त्यांत ही एक नवी भर पडावी आणि आपल्या मुलांनी हा उंबरठा स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या शब्दांनी ओलांडावा, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.