वजनकाट्यावरून पातेल्यापर्यंत

शिरूर अनंतपाळच्या बाजारात दोन किलोची जिवंत ब्रॉयलर कोंबडी तोलून घेतली, की पिशवीत सव्वा-दीड किलोच मटण येतं. काट्यावर शंका घेऊ नका. पिसं, कातडी, रक्त, डोकं, पाय आणि आतडी यांतच उरलेलं वजन जातं.

कापण्याआधी कोंबडीला आठ ते बारा तास दाणा देत नाहीत, पाणी मात्र देतात. पोट भरलेलं असलं तर साफ करताना आतडं फुटून घाण मांसाला लागते. मान कापल्यावर दीड-दोन मिनिटं रक्त पूर्ण निथळू द्यायचं. घाईत हेच राहून जातं, मग मांस लाल दिसतं आणि लवकर खराब होतं.

पुढं पिसं. कारखान्यात 50 ते 60 अंशांच्या पाण्यात बुडवून मशीनने काढतात. पाणी उकळतं असेल तर कातडीच शिजून फाटते. आपल्याकडचे दुकानदार सरळ कातडीसकट पिसं ओढून काढतात. गावरान मात्र पिसं उपटून, जाळावर भाजून, हळद चोळून घ्यावी. तिची चव कातडीतच असते, असं माझं मत!

काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी अलगद काढायची. फुटली तर तेवढा भाग कडूजहर.

जानेवारी 2025 मध्ये उदगीरला बर्ड फ्लूने कावळे मेले, तेव्हा अनेकांनी चिकनच सोडलं. पूर्ण शिजलेल्या मांसात तो विषाणू टिकत नाही. घरी चिकन नळाच्या धारेखाली धरू नका, शिंतोड्यांतून जंतू भांड्यांवर जातात. लगेच शिजवायचं नसेल तर फ्रीजमध्ये झाकून, सगळ्यांत खालच्या कप्प्यात ठेवा.