भाऊसाहेबांची लेखणी
(शेतकरी मेळाव्यात झालेले भाषण)



आपल्या सज्जाचे भाऊसाहेब या सभेस आलेले नाहीत. बोलावणे गेले होते. ते चावडीतच क्वचित दिसतात, तेव्हा रुसण्याचे कारण नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा गावचे दप्तर कुळकर्ण्याच्या हाती होते. शाहू छत्रपतींनी १९१८ साली करवीर राज्यात ते वतन मोडून पगारी तलाठी नेमले. पुढे १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातली कुळकर्णी वतने गेली. रयतेला वाटले, सुटलो! आता तर तलाठ्याचे नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. खोड मात्र तीच. आज त्या खुर्चीवर पुष्कळदा आपल्याच कुणब्याचा, माळ्याचा मुलगा असतो, हे सांगताना जीभ अडखळते. तरी बोललेच पाहिजे. परक्याने केला तो जुलूम आणि घरच्याने केला तो कारभार, असा हिशेब आपल्या चळवळीला शोभत नाही.

आता तक्रार ऐका. गावातील एक बाई नवरा वारल्यापासून वारस नोंदीसाठी आठ महिने खेटे घालीत आहे. आज यंत्र बंद, उद्या साहेबांची मीटिंग, परवा मृत्यूचा दाखला पुन्हा आणा. सातबारावर नाव नाही म्हणून सोसायटी पीककर्ज देईना. दुसऱ्या घरी याच्या उलट. भावांची नोंद झटपट झाली, बहिणीचे नाव वगळले गेले, आणि नोटीस तिला बजावली असे कागद म्हणतो! ती नांदते त्या गावी नोटीस पोचलीच नाही. भाऊसाहेब म्हणतात, “मी नुसती नोंद धरली, मंजूर मंडळ अधिकाऱ्यांनी केली.” मंडळ अधिकारी म्हणतात, “तलाठ्याचा कागद पाहून मी सही केली.” मग बहिणीचा हिस्सा खाल्ला कोणी? चावडीच्या उंदरांनी?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या कलम १४९ प्रमाणे वर्दी तोंडी दिली तरी तलाठ्याने लेखी पोच ताबडतोब द्यावयाची आहे. ती पोच आपण मागत नाही. म्हणूनच “तुमचा अर्ज आलाच नाही” असे म्हणण्यास त्यांना फावते. यापुढे पोचेवाचून कोणी चावडीची पायरी उतरू नये. मुदतीत काम न झाल्यास २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करावे. सबळ कारणाशिवाय कसूर करणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. बहिणीने प्रांताकडे अपील करावे. त्याची मुदत ६० दिवसांची. उशीर झाला असेल तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, आणि नोटीसच न मिळणे याहून सबळ कारण कोणते?

तहसीलदारांच्या नावे अर्ज या मेजावर ठेवला आहे. त्यात दोन्ही नोंदींची हकीकत आहे, शिवीगाळ एका शब्दाची नाही. त्या बाईंचा अंगठा पहिला उठला आहे. ज्यांना अशीच अडचण आहे त्यांनी खाली सही करावी. सोमवारी दहा वाजता आपण सर्व मिळून कचेरीत जाऊ आणि या अर्जाचीही पोच घेऊनच परत फिरू.