अजगराचे माप



कामगारांच्या सभेत बोलणाऱ्या माणसाने अजगरावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि माणसांच्या तोंडून. प्राणिशास्त्राचे आम्ही पंडित नव्हे. परंतु संघटनेच्या कामात एक धडा पक्का मिळाला : कोणी आकडा सांगितला, की तो मोजून घ्यावा. मग तो मालकाचा असो की आपल्याच माणसांचा असो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मजुरीच्या एका तंट्यासाठी आम्ही कसाऱ्याच्या बाजूस एका बांधकामावर गेलो होतो. तेथे त्याच सकाळी मजुरांनी अजगर मारला होता. कोणी म्हणाला पंधरा हात, कोणी म्हणाला वीस फूट. आम्ही गवंड्याची टेप मागून घेतली आणि दोघांनी मिळून तो मोजला. नऊ फूट दोन इंच भरला. माप ऐकून मंडळी चक्क हिरमुसली! वीस फुटांचा राक्षस मारला, यात पराक्रम होता. नऊ फुटांचा बिनविषारी जीव मारला, यात काय होते?

आपल्याकडचा अजगर साधारणपणे आठ ते दहा फुटांचा असतो. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात अभ्यासकांनी अजगर मोजले, तेव्हा तेथील मोठ्यात मोठे बारा फुटांच्या घरात भरले. याहून लांब अजगर नसतातच असे नव्हे. पण ते विरळा. मादी नरापेक्षा मोठी असते. कातड्यावरून सांगितलेले माप तर मुळीच धरू नये, कारण सोललेले कातडे ताणले जाते. मग माणसे गिळणारा अजगर कोणता? इंडोनेशियात २०१७ साली एका प्रौढ माणसाला अजगराने गिळल्याची घटना खरी आहे. परंतु तो जाळीदार अजगर, वीस फुटांवर जाणारा, जगातला सर्वांत लांब साप. आपल्या देशात त्याचे घर निकोबार बेटांवर, नाशिकपासून समुद्रापार. त्याची कीर्ती आपल्या गरीब अजगराच्या माथी बसली आहे. 'अज' म्हणजे बकरी, ती गिळणारा तो अजगर, अशी नावाची फोड करतात. उंदीर, घुशी, ससे, पक्षी, प्रसंगी करडू किंवा हरणाचे पाडस, हा त्याचा आहार.

याचा मुलूख मात्र विस्तीर्ण आहे. पश्चिमेस सिंधूचे खोरे, उत्तरेस हिमालयाचा पायथा आणि नेपाळची तराई, दक्षिणेस थेट श्रीलंका. आपल्या महाराष्ट्रात सह्याद्री, कोकण, मेळघाट. एवढेच काय, मुंबईच्या गर्दीला लागून असलेल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही तो आहे. ईशान्येकडे त्याचा भाऊबंद, ब्रह्मी अजगर, राहतो. त्याला २००९ पासून निराळी जात मानू लागले.

त्याला घनदाट अरण्यच लागते, असेही नाही. खडकाळ उतार, गवताळ रान, दलदल, नदीकाठची झाडी, यांपैकी काहीही चालते. पण तीन गोष्टी हव्यात : जवळ पाणी, पोटाला शिकार आणि लपायला बीळ किंवा ढोली. गंमत अशी, की हा एवढा बलवान प्राणी स्वतःचे बीळ खणत नाही. भरतपुरात तो बहुधा साळिंदराने खणलेल्या बिळात राहतो आणि थंडीत बिळाच्या तोंडाशी ऊन खात पडतो. घर दुसऱ्याच्या कष्टाचे! म्हणून साळिंदर मारले, बांध सपाट केले, ओढ्याकाठची झाडी तोडली, की अजगरावर काठी न उगारताही तो बेघर होतो.

मादी मार्च ते जूनच्या दरम्यान अंडी घालते आणि त्यांभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते. गारवा वाढला की स्नायू थरथरवून अंगाची ऊब अंड्यांना देते. या काळात ती जवळजवळ काही खात नाही. उपोषणे आम्ही पुष्कळ पाहिली. इतके निमूट उपोषण पाहिले नाही. आपण ज्याला सुस्त म्हणतो, तो जीव असा आहे.

आता मुख्य गोष्ट. त्याच टोळीतल्या एका तरुण गवंड्याने पुढच्या पावसाळ्यात विटांच्या ढिगाखालून साडेतीन फुटांचा साप उचलला. आदल्या वेळी अजगर मारला याची त्याला टोचणी होती, म्हणून हे 'पिलू' रानात सोडायला निघाला होता. ती घोणस होती. पोरगा वाचला, पण उजव्या हाताचे बोट गेले आणि हंगामाची मजुरी बुडाली. त्याची दया खरी होती; ओळख खोटी होती.

तेव्हा ओळख नीट करून घ्या. अजगराच्या अंगावर मोठे, वेडेवाकडे तपकिरी डाग असतात. खवले गुळगुळीत, तकतकीत असतात. डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण असते. घोणशीच्या पाठीवर गोल-लांबट ठिपक्यांच्या साखळीसारख्या तीन ओळी असतात. खवले खरखरीत, डोके तिकोनी, आणि फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा. आणि एवढे पाठ झाले तरी हात कोणत्याच सापाला लावू नये. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अजगर आहे. त्याला मारणे वा पकडून ठेवणे हा गुन्हा आहे. साप चावलाच, तर दोरी बांधू नका, जखम कापू नका. अवयव न हलवता सरळ रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर तेथे एकच लस चालते.

महाभारतात नहुष राजाची कथा आहे. त्याने ऋषींना पालखीला जुंपले, अगस्तींना लाथ मारली आणि शापाने तो अजगर झाला. पालखी वाहणाऱ्यांचा पक्ष घेणारी ही कथा आम्हांला फार आवडते. पण शिक्षा राजाला होती. अजगराचा त्यात काही अपराध नव्हता. तो आपण त्याच्या माथी मारू नये. भीती वाटणे हे माणसाचेच लक्षण आहे. फक्त काठी उचलण्यापूर्वी टेप मागवावी, एवढीच आमची विनंती आहे.