धान्यशेतीचा ताळेबंद : कोल्ली टेकड्यांचा अनुभव



धान्यशेती किफायतशीर का ठरत नाही, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः दोन ठिकाणी शोधले जाते : दर हेक्टरी उत्पादकता आणि हमीभाव. दोन्हींचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि पीक खळ्यावर आल्यापासून ते शिजवण्यायोग्य होईपर्यंतचे श्रम कोणाचे आणि त्यांचे मोल कोणाच्या पदरात पडते, हा तिसरा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. चेन्नईतील तरमणी येथील एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने नामक्कल जिल्ह्यातील कोल्ली टेकड्यांमध्ये केलेले कार्य या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. जागतिक अन्न पुरस्काराच्या रकमेतून १९८८ साली ही संस्था उभी राहिली आणि नव्वदच्या दशकात तिने या टेकड्यांत काम सुरू केले.

येथील मलयाळी आदिवासी शेतकरी पिढ्यान् पिढ्या पावसाच्या पाण्यावर नाचणी, राळा आणि सामै ही पिके घेत आले. सामै म्हणजे महाराष्ट्रातील वरी. पुढे सेलमच्या साबुदाणा व स्टार्च उद्योगाची मागणी वाढली, तसा कसावा उतारांवर चढला आणि तृणधान्ये मागे हटली. साबुदाणा आणि वरीचे तांदूळ, दोन्ही मराठी घरातील उपवासाचे पदार्थ. मूळ टेकडीवर मात्र ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

शेतकऱ्याची निवड अविवेकी नव्हती. कसाव्याची मुळे कारखाना जशीच्या तशी विकत घेतो. रोकड हाती येते. सामैचे टणक टरफल काढण्यासाठी मात्र उखळ-मुसळाने तासन् तास कांडावे लागे आणि हे काम पूर्णतः स्त्रियांकडे होते. त्याचा हिशेब कोणत्याच वहीत नव्हता. अधिकृत खर्चमापनातही तो येत नाही. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या ‘ए-२’ खर्चात प्रत्यक्ष केलेला खर्च असतो, ‘ए-२+एफएल’ मध्ये त्यात कुटुंबाच्या श्रमाचे मोल मिळवले जाते, तर ‘सी-२’ मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरील व्याजही धरले जाते. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने (२००४-०६) उत्पादन खर्चावर किमान ५० टक्के अधिक भावाची शिफारस केली. तो खर्च कोणता, हा वाद आजही आहे. पण या सर्व संज्ञा शेतमाल तयार होईपर्यंतच्याच आहेत. घरातील कांडण त्यांच्या कक्षेबाहेर राहते.

केवळ भाव जाहीर केल्याने काय साधते, हेही पाहावे. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये, तर नाचणीचा ४,८८६ रुपये होता. दुपटीहून अधिक भाव असूनही शेतकरी भाताकडेच झुकतो. कारण कावेरीच्या खोऱ्यात भातासाठी सरकारी खरेदी केंद्रे उभी आहेत. सामैला तर केंद्राचा हमीभावच नाही.

प्रतिष्ठानाने प्रथम वाणांचे जतन हाती घेतले, गावोगावी बियाण्यांच्या पेढ्या उभारल्या. परंतु ज्या धान्याला घरात वा बाजारात जागा नाही, त्याचे बी केवळ पेढीत किती काळ टिकणार? खरे वळण आले ते टरफल काढणाऱ्या लहान यंत्रांनी. बचत गटांनी ती चालवली. स्त्रियांचे श्रम वाचले, कांडणाच्या त्रासामुळे घरातून हद्दपार झालेले धान्य पुन्हा ताटात येऊ लागले आणि उरलेल्याचा रवा, पीठ, माल्ट करून विकता येऊ लागला. कच्चे धान्य व्यापाऱ्याला देण्याऐवजी प्रक्रियेचा नफा टेकडीवर राहिला. ओळीत पेरणी, कमी बियाणे आणि कसाव्यात आंतरपीक या सुधारणांनी उत्पन्नाला हातभार लावला, परंतु केवळ त्यांच्या बळावर हे पीक परतले नसते.

अर्थात कसावा हटलेला नाही. त्याची रोकड आजही मोठी आहे, उतारावरील मातीची झीज मात्र कोणाच्या खर्चात धरली जात नाही. लहान यंत्रांपुढेही अडचणी आहेत : दाण्याचा आकार पिकागणिक बदलतो, तुटीचे प्रमाण वाढले की नफा आटतो, आणि टरफल काढलेले धान्य फार दिवस टिकत नाही. म्हणून गटाला यंत्राइतकीच नियमित ग्राहकाची गरज असते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले, तेव्हा शहरी दुकानांत मागणी वाढली खरी. पण अशी मागणी हंगामी असते.

स्थिर ग्राहक म्हणून शिधावाटप व्यवस्थेकडे पाहणे स्वाभाविक आहे. तमिळनाडूने २०२३ मध्ये निलगिरी व धर्मपुरी जिल्ह्यांत शिधापत्रिकेवर दोन किलो तांदळाऐवजी दोन किलो नाचणी देण्याचा उपक्रम आरंभला. नाचणीला टरफल काढण्याची अडचण नाही. ती दळून लगेच वापरता येते. सामैसाठी हाच मार्ग खुला करायचा तर खरेदी केंद्राच्या शेजारी गिरणी लागेल, आणि ती गिरणी कोणाच्या मालकीची, यावर टेकडीवरील कुटुंबाचा वाटा ठरेल.