पियानोवरील शुद्ध सप्तकाचे शिक्षण



पियानो शिकू लागलेल्या मुलास पहिले 'मेजर' सप्तक द्यावयाचे म्हटले की बहुतेक शिक्षक पांढरी एकपासून आरंभ करतात. साऱ्याच पट्ट्या पांढऱ्या असल्याने ते सोपे दिसते. परंतु डोळ्यांची सोय ती हाताची सोय नव्हे. पॅरिसमध्ये शिकवण्या करून चरितार्थ चालविणारा थोर रचनाकार शोपँ (१८१०-१८४९) आपल्या विद्यार्थ्यांस आरंभी पांढरी सातचे सप्तक देई. पांढरी एकचे सर्वांत शेवटी. पांढरी सातच्या सप्तकात पाचही काळ्या पट्ट्या येतात. लांब बोटे त्या उंच पट्ट्यांवर सहज विसावतात, आखूड अंगठ्यास खालून सरकण्यास वाव मिळतो. पांढरी एकमध्ये मात्र गंधारानंतर अंगठा सपाटीवरच मधल्या बोटाखालून न्यावा लागतो. कोपर उचलले जाते आणि मध्यमास हिसका बसतो.

हाताआधी कान. हे सप्तक म्हणजे बिलावल थाटाचेच स्वर होत. सारेगम गाणाऱ्या मुलाच्या गळ्यात ते आधीच असते. ग-म आणि नि-सा ही अंतरे अर्धी, बाकीची पूर्ण, एवढेच त्यास दाखवावयाचे. मग षड्ज पांढरी चारवर न्यावा. पांढऱ्याच पट्ट्या पाठ केलेला मुलगा पांढरी सात दाबतो आणि मध्यम तीव्र लागतो. येथे शिक्षकाचा मोह म्हणजे चटकन बोट धरून काळी पाचवर ठेवणे! तसे करू नये. मुलाकडून सा ते म गाऊन घ्यावे. पट्टी तोच शोधील. पांढरी पाचवर हीच फसगत निषादाची होते. तेथे काळी तीन हवी.

शाळेत पियानो नसला तरी पेटीवर हा कानाचा भाग तंतोतंत करविता येतो, कारण पट्ट्यांची मांडणी तीच. दोन हातांचा प्रश्न तेवढा पियानोचा. पांढरी एकचे सप्तक दोन्ही हातांनी चढताना उजवा अंगठा मध्यमावर वळतो, डावीकडे मात्र पंचमावरील अंगठ्यावरून मधले बोट धैवतावर जाते, मूल गोंधळते. यास्तव दोन्ही अंगठे एकाच षड्जावर ठेवून हात परस्परविरुद्ध दिशांना चालवावेत. तेव्हा दोन्हीकडे बोटे सारखीच पडतात. एकाच दिशेने चालविण्याचा पाठ त्यानंतर घ्यावा.